एक्स-रेत दिसते ते आणि आजीला दुखते ते





भोर-वेल्ह्यातील आपल्या आरोग्यसेवेचा मागील अहवाल वाचून एका मंडळीच्या महिला मंडळाने पत्र पाठविले. पत्रात एकच प्रश्न होता. "वाड्यांवरील म्हाताऱ्या माणसांची पाठ, कंबर व गुडघे दुखतात असे तुम्ही दर वेळी लिहिता. मग सर्वांचेच एक्स-रे का काढून घेत नाही? खर्च आम्ही उचलू." प्रश्न प्रेमाने विचारलेला आहे आणि त्याचे उत्तर दोन ओळींत देता येत नाही. म्हणून संपादकांकडे या अंकात थोडी जागा मागून घेतली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आईवडिलांच्या एक्स-रेची पिशवी कपाटावर ठेवलेली असेल. त्यांनाही हे उपयोगी पडेल.

दुखणे येते कोठून

आपण ज्यांच्यामध्ये काम करतो ते बहुतेक कातकरी व महादेव कोळी समाजाचे लोक आहेत. भाटघर व नीरा-देवघर धरणांच्या पाण्याच्या कडेने, आणि वेल्ह्याकडे राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या खोऱ्यांतून त्यांच्या वाड्या पसरलेल्या आहेत. येथील माणसाची पाठ लहानपणापासून वाकलेली असते. आषाढात भाताची लावणी करताना दिवसभर चिखलात ओणवे राहायचे. उन्हाळ्यात चढावरून हंडे आणायचे. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरायचे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. साठ वर्षे असे काढलेल्या माणसाची पाठ दुखली नाही तरच नवल.

दवाखान्याच्या दिवशी अशी माणसे येतात तेव्हा पुष्कळांच्या हातात जुनी फिल्म असते. ती गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुडाच्या वर, वाशात खोचून ठेवलेली असते. पावसाळ्यात दोन फिल्मा ओलीने एकमेकींना चिकटतात. तरी ती जपतात, कारण तिच्यासाठी कोणी कोंबड्या विकलेल्या असतात, तर कोणी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पिशवी माझ्यापुढे ठेवून एक आजी म्हणाली, "डाक्टर, माझं सगळं मणकं झिजल्यात म्हनं. आता मी काय उठायची न्हाय."

या आजीची गोष्ट पुढे सांगतो. आधी एक्स-रे म्हणजे काय ते पाहू.

काळे, पांढरे आणि मधली जागा

विल्हेल्म रॉन्टजेन या जर्मन शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले. त्या शोधाचे पेटंट त्याने घेतले नाही, म्हणून काही महिन्यांतच तो जगभरच्या डॉक्टरांच्या हाती आला. किरण शरीरातून आरपार जातात, पण हाडातील चुना त्यांना अडवितो. म्हणून हाड पांढरे दिसते, फुप्फुसातील हवा काळी दिसते आणि मांस करड्या रंगाचे दिसते.

जे दिसत नाही तेही लक्षात ठेवावे. दोन मणक्यांमधील गादी, सांध्यातील गुळगुळीत कूर्चा, स्नायुबंध, मज्जारज्जू आणि नसा साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. दोन मणक्यांमध्ये किंवा गुडघ्याच्या दोन हाडांमध्ये जी मोकळी जागा दिसते ती खरोखर मोकळी नसते. मणक्यांत तेथे गादी असते, गुडघ्यात कूर्चा असते. "गॅप कमी झाला" असे सांगतात त्याचा अर्थ, न दिसणारी गादी किंवा कूर्चा पातळ झाली असा आहे. म्हणजे आपण सावलीवरून अंदाज करीत असतो.

म्हणूनच गुडघ्याचा एक्स-रे उभे राहून काढावा लागतो. माणूस निजलेला असला की सांध्यावर भार नसतो, हाडे एकमेकांवर टेकत नाहीत आणि झिजलेल्या गुडघ्यातही जागा चांगली दिसते. निजवून काढलेली फिल्म पाहून "काही नाही" असे सांगणे जितके चूक, तितकेच ती पाहून घाबरविणे चूक.

झीज म्हणजे काय

शेताचा बांध खचू लागला की शेतकरी कडेला दगडमाती लावून तो रुंद करतो. शरीरही तेच करते. गादी पातळ झाली, सांधा डळमळू लागला की कडेला हाडाचा नवा थर चढतो. एक्स-रेत तो चोचीसारखा दिसतो. लोक त्याला "हाड वाढले" म्हणतात. ऐकून भीती वाटते, पण ही वाढ गाठीसारखी नसते. शरीराने आपल्या परीने केलेली ती डागडुजी आहे. क्वचित ती नसेला दाबते, तेव्हा पायात कळा येतात. एरवी ती वयाची खूण असते, केस पिकतात तशी.

ही खूण किती सार्वत्रिक आहे हे एका संशोधनाने दाखविले आहे. पाठ मुळीच दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या सीटी व एमआरआय तपासण्यांची माहिती २०१५ साली एकत्र मांडण्यात आली. त्यात विशीतील माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्यांत झीज दिसली, आणि ऐंशीच्या घरातील माणसांत हे प्रमाण ९६ टक्के होते. पुन्हा सांगतो, यांपैकी कोणाचीही पाठ दुखत नव्हती. म्हणजे आमच्या वाडीतल्या प्रत्येक आजीचा एक्स-रे काढला तर जवळजवळ प्रत्येकीत झीज निघेल, दुखणे असो वा नसो.

गुडघ्याचेही असेच आहे. केलग्रेन व लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली सांध्याच्या झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरविल्या. त्या आजही वापरतात. परंतु चौथ्या पायरीचा गुडघा घेऊन भात लावणारी बाई मी पाहिली आहे, आणि पहिल्या पायरीचा गुडघा घेऊन रात्रभर जागणारीही पाहिली आहे. शिवाय गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचाच एक्स-रे काढावा, आणि दोष निघावा खुब्यात, असेही होते. खुब्याची कळ पुष्कळदा गुडघ्यात उतरते.

आता त्या आजीची गोष्ट. तिची फिल्म मी खिडकीच्या उजेडात धरली. खालच्या दोन गाद्या पातळ होत्या, कडांना चोची आल्या होत्या. तिच्या वयाला साजेसेच चित्र होते. परंतु तिला कोणीतरी सांगितले होते की मणके झिजले, वाकू नको, उचलू नको, पट्टा बांधून पडून राहा. तिने ते तंतोतंत पाळले. चार महिने ती निजून होती. मांड्यांतील ताकद गेली होती आणि घरच्यांना तिला उचलून बाहेर न्यावे लागत होते. तिला झिजेने निजविले नव्हते. त्या दोन वाक्यांनी निजविले होते.

मी तिचे पाय तपासले. दोन्ही पायांत जोर होता, अंगठे वर उचलता येत होते, स्पर्श कळत होता, लघवीवर ताबा होता. मी म्हटले, "आजी, तुमच्या वयाच्या सगळ्यांचं असंच दिसतं. चाललात तर मोडणार नाही, पडून राहिलात तर मात्र आखडेल." आमच्या आरोग्यसेविका ताईंनी तिला बसल्या जागी पाय सरळ करून दहा आकडे धरून ठेवायला शिकविले. पहिल्या आठवड्यात दारापर्यंत, मग अंगणापर्यंत, मग हापशापर्यंत. आता ती नातवंडांसाठी भाकरी थापते. दुखते अजूनही, पण ती उठते.

फिल्म वाचण्याचा क्रम

मग एक्स-रे निरुपयोगी आहे का? नाही. साधी झीज नसलेली दुखणी ओळखण्यासाठी तो मोलाचा आहे. फक्त तो क्रमाने वाचावा लागतो.

प्रथम नाव व तारीख पाहतो, कारण एकाच घरातल्या दोघांच्या पिशव्या बदललेल्या असतात. मग डावे-उजवे. मग मणके एका ओळीत आहेत का, एखादा पुढे सरकला आहे का. मग प्रत्येक मणक्याची उंची. मणका चौकोनी ठोकळ्यासारखा असावा. पुढची बाजू दबून तो पाचरीसारखा झाला असेल तर ठिसूळ हाड दबून मोडले असावे. वयस्क स्त्रियांत हे न पडताही होते, नुसता हंडा उचलताना होते. पाठीला पोक येऊ लागतो आणि उंची कमी होते. हाडातील सुमारे तीस टक्के चुना गेल्याशिवाय ठिसूळपणा साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

समोरून काढलेल्या फिल्ममध्ये प्रत्येक मणका घुबडाच्या तोंडासारखा दिसतो. दोन बाजूंना दोन गोल डोळे आणि मध्ये चोच. एखाद्या मणक्याचा एक डोळा नाहीसा झाला असेल तर कर्करोग हाडात उतरला आहे का, हे पाहावे लागते.

यानंतर कडा. आमच्या भागात ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण क्षयरोग केवळ छातीचा नसतो. तो पाठीच्या कण्यातही होतो. झीज आणि क्षय या दोन्हींत गादीची जागा कमी होते. परंतु झिजेत मणक्याच्या कडा पांढऱ्या, ठळक व रेखीव राहतात. क्षयात त्या खाल्ल्यासारख्या, पुसट होतात, आणि लागून असलेले दोन मणके एकत्र बिघडतात. कर्करोग बहुधा मणका खातो आणि गादी सोडतो. क्षय सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे एक्स-रे अगदी चांगलाही दिसू शकतो. तेव्हा एमआरआय करावा लागतो.

माझी चूक

हे सर्व माहीत असूनही माझ्या हातून जे घडले ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

वेल्ह्याच्या बाजूच्या एका वाडीतील साठीचे एक बाबा कंबरदुखी घेऊन आले. त्या दिवशी रांग मोठी होती आणि बाहेर पाऊस कोसळत होता. त्यांनी तालुक्याच्या गावी काढलेली फिल्म आणली होती. कमरेच्या तळाशी दोन गाद्या पातळ, कडांना चोची. मी म्हणालो, "बाबा, वयाची झीज आहे," आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या व व्यायाम सांगून पाठविले. दुखणे रात्री वाढते का, वजन उतरले का, संध्याकाळी कणकण येते का, यांतले मी काहीच विचारले नाही.

सहा आठवड्यांनी मुलाने त्यांना पाठीवर घेऊन आणले. पाय लटपटत होते. तीच फिल्म मी पुन्हा उजेडात धरली, आणि या वेळी वरपासून पाहिली. फिल्मच्या अगदी वरच्या टोकाला, जेथे छातीचा शेवटचा मणका कमरेच्या पहिल्या मणक्याला भेटतो, तेथली गादी बसली होती आणि दोन्ही कडा पुसट होत्या. ते पहिल्या दिवशीही तेथेच होते. खालची झीज सापडली आणि माझी नजर तेथेच थांबली. एक उत्तर मिळाले की दुसरे शोधायचे राहून जाते, ही एक्स-रे वाचणाऱ्यांची जुनी चूक आहे. ती मी केली.

त्याच दिवशी आपल्या जीपने त्यांना पुण्याला ससूनला नेले. एमआरआय झाला, सुईने काढलेल्या नमुन्यात क्षयाचे जंतू निघाले. औषधे सुरू झाली. क्षयाची औषधे सरकारकडून मोफत मिळतात, परंतु कण्याच्या क्षयासाठी ती वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घ्यावी लागतात. आहारासाठी रुग्णाच्या खात्यावर महिन्याला मिळणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. देवाच्या कृपेने त्यांच्या पायांत पुन्हा ताकद आली. आज ते काठी घेऊन चालतात. परंतु त्यांचा पोक राहिला आहे, तो जाणार नाही. मी त्यांच्या घरी जाऊन माझी चूक सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पुढच्याला नीट बघा, म्हंजी झालं."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. आमच्या दवाखान्यात आता भिंतीवर एक कागद लावला आहे. पाठदुखीच्या प्रत्येक वृद्धाला फिल्म पाहण्याआधी त्यावरील प्रश्न विचारले जातात.

कोणत्या खुणा दिसल्या तर थांबायचे नाही

आपणही आपल्या घरी हे प्रश्न विचारावेत.

- रात्री निजल्यावरही दुखणे कमी होत नाही, उलट वाढते का?
- वजन उतरले आहे का, भूक गेली आहे का, संध्याकाळी कणकण किंवा रात्री घाम येतो का?
- पूर्वी क्षयरोग किंवा कर्करोग झाला होता का, किंवा घरात कोणाला क्षय आहे का?
- पडल्यानंतर किंवा वजन उचलताना एकदम कळ आली का? पडल्यावर पाय टेकता येत नसेल तर पहिला एक्स-रे चांगला दिसला तरी खुब्याचे हाड मोडलेले असू शकते.
- पायांत बधिरपणा किंवा कमजोरी आहे का, लघवी-शौचावरचा ताबा गेला आहे का? असे असेल तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.
- सांधेदुखीसाठी वारंवार "जोराची सुई" घेतली आहे का? अशा सुयांत व पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, पण हाडे ठिसूळ होतात आणि खुब्याच्या हाडाचा गोळा मरू शकतो.

यांपैकी काही असेल तर एक्स-रे व पुढील तपासण्या अवश्य कराव्यात. काहीच नसेल तर पहिले काही आठवडे एक्स-रेची घाई करू नये. कमरेच्या एक्स-रेत छातीच्या एक्स-रेपेक्षा सुमारे पंधरा पट किरणोत्सर्ग लागतो. म्हाताऱ्या माणसाला त्याने फारसे भय नाही. खरे भय आहे ते चुकीच्या अर्थाचे, आणि त्यापायी होणाऱ्या कर्जाचे.

झिजेच्या दुखण्याला करायचे ते साधे आहे. रोज थोडे चालणे, मांडीचे व्यायाम, एका मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान कळशा, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, आणि उकिडवे बसणे कमी. दुखण्याच्या तीव्र गोळ्या दुकानातून घेऊन महिनोन्महिने खाऊ नयेत. त्या पोट व मूत्रपिंड बिघडवितात.

तर मग आपल्या दानाचे काय?

महिला मंडळाच्या भगिनींना माझे उत्तर असे आहे. सर्वांचे एक्स-रे नकोत. ज्यांना गरज आहे त्यांचा एक्स-रे लवकर व्हावा, आणि तो पाहणाऱ्याला वेळ मिळावा, एवढे हवे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे जवळजवळ फुकट निघतो. आजीला तेथपर्यंत पोचविणे महाग असते. पावसाळ्यात वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत डोली करावी लागते, पुढे गाडी लागते, सोबतच्या मुलाची दिवसाची मजुरी बुडते. पुण्याला जायचे तर राहण्याची सोय लागते. आपले दान तेथे वापरू द्या. जीपचे डिझेल, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, वर्षभर औषध घेणाऱ्याच्या घरी डाळ, शेंगदाणे व अंडी, आणि चांगल्या उंचीच्या काठ्या यांची आम्हाला गरज आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे वाकलेल्या बाईची हकिकत आहे. सभास्थानात ती पुष्कळांना रोज दिसत असेल. येशूने तिच्याकडे पाहिले, तिला जवळ बोलाविले आणि तिच्यावर हात ठेवले. फिल्म उजेडात धरण्यापूर्वी मी आता तो क्रम आठवतो.

प्रार्थनेचे विषय:

- औषधांचा शेवटचा टप्पा पूर्ण करीत असलेल्या बाबांसाठी.
- वीटभट्ट्यांवर गेलेल्या कुटुंबांमागे वाडीत एकट्या राहिलेल्या वृद्धांसाठी.
- पावसात वाड्यांवर चालत जाणाऱ्या आपल्या आरोग्यसेविकांसाठी.

आपला, प्रभूच्या सेवेत,
आरोग्यसेवेचे डॉक्टर, भोर-वेल्हे